भूमिगत खाणीतलं छत: आरएमआर, फ्लॅक, अनवेज... कुठे काय चालवायचं आणि आकडे कुठे फसतात

तळलेव्हल (धागाकर्ता)

छताच्या स्थिरतेच्या सॉफ्टवेअरवर चर्चा सुरू झाली की प्रत्येक जण आपापल्या पॅकेजचं नाव पुढे करतो आणि मूळ हिशेब बाजूलाच राहतो. म्हणून सगळ्यांनी एकच उदाहरण धरून बोलूया.

वर्धा खोऱ्यातल्या बराकर (कोळसा असलेल्या) थरांसारखी रचना धरा. बोर्ड अँड पिलर (बोगद्यासारख्या गॅलऱ्या खोदून मध्ये कोळशाचे खांब, म्हणजे पिलर, ठेवायची पद्धत), खोली १५० मीटर, गॅलरी ४.२ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच. सिमच्या (कोळशाच्या थराच्या) लगेच वर ०.६ मीटर शेल (पापुद्र्यांचा कमजोर खडक), त्याच्या वर १.४ मीटर सँडस्टोन. शेलचा सीएमआरआय आरएमआर (केंद्रीय खाण संशोधन संस्थेच्या पद्धतीने खडकाच्या भक्कमपणाला दिलेले शंभरपैकी गुण) ३८, सँडस्टोनचा ५२. छताची घनता २.२ टन प्रति घनमीटर. सॉलिड ब्लास्टिंग (कोळशात आधी खाच न कापता केलेलं), पाणी नाही. बोल्ट (छतात भोक पाडून बसवलेल्या सळया) १.८ मीटरचे, एका ओळीत चार, ओळींत अंतर १.२ मीटर. पुल टेस्टवरून (बोल्ट ओढून बघायच्या चाचणीवरून) डिझाइनसाठी बोल्टमागे ८ टन धरलेत.

प्रश्न दोन. कुठलंही सॉफ्टवेअर उघडण्याआधी हाताने काय काढायचं? आणि मॉडेलमध्ये सगळ्यात जास्त चुका कुठे होतात?

रूफबोल्ट_४

हाताचा हिशेब आधी देतो. तो जमला नाही तर पुढच्या रंगीत चित्रांना काही अर्थ नाही.

सीएमआरआय आरएमआरमध्ये पाच गोष्टींना गुण असतात: थरांची जाडी ३०, भूगर्भीय रचना म्हणजे स्लिप (खडक सरकलेल्या गुळगुळीत फटी), जॉइंट (खडकातल्या नैसर्गिक भेगा) वगैरे २५, पाण्यात भुगा होण्याचा गुण २०, खडकाची ताकद १५, पाण्याचा झिरपा १०. बेरीज शंभर. प्रत्येक थराचा आरएमआर वेगळा काढायचा आणि थराच्या जाडीने भारित सरासरी घ्यायची. इथे (३८ × ०.६ + ५२ × १.४) ÷ २.० = ४७.८.

लगेच हा आकडा सूत्रात घालायचा मोह होतो. थांबा. सॉलिड ब्लास्टिंग आहे, म्हणून १० टक्के कमी करायचे. खोली २५० मीटरच्या आत, त्यामुळे खोलीची कपात नाही. सुधारित आरएमआर ४३.

गॅलरीचा रॉक लोड (आधाराने पेलायचं सुट्या छताचं वजन) = रुंदी × घनता × (१.७ − ०.०३७ × आरएमआर + ०.०००२ × आरएमआर²). कंसातली किंमत ०.४८ च्या आसपास, म्हणजे लोड ४.४२ टन प्रति चौरस मीटर.

आता आधाराची बाजू: चार बोल्ट × ८ टन ÷ (४.२ × १.२) = ६.३५. सेफ्टी फॅक्टर (आधार भागिले लोड) १.४४. गॅलरीसाठी नेहमीची अपेक्षा १.५ ची, म्हणजे ओळ जवळ आणावी लागेल. १.० मीटरवर घेतली तर १.७२ येतो.

ब्लास्टिंगची कपात विसरलात तर? लोड ३.५९ होतो आणि त्याच १.२ मीटरच्या ओळीचा फॅक्टर १.७७ दिसतो. एका विसरलेल्या ०.९ ने नापास डिझाइन पहिल्या श्रेणीत पास झालं. एक्सेलमध्ये हा गुणक स्वतंत्र रकान्यात ठेवा, सूत्राच्या पोटात लपवू नका.

ढबढब

+१. पण जंक्शन (दोन गॅलऱ्या छेदतात ती जागा) राहिलं. छत कोसळायचा धोका खरा तिथेच. जंक्शनचं सूत्र वेगळं आहे: ५ × रुंदीचा ०.३ घात × घनता × (१ − आरएमआर/१००)². इथे ५.५ टन प्रति चौरस मीटर. क्षेत्र ४.२ × ४.२ = १७.६४ चौरस मीटर, एकूण ९७ टन. फॅक्टर १.५ हवा तर ८ टनी बोल्ट १९ लागतात, २ धरला तर २५. गॅलरीची ओळ तशीच जंक्शनमधून पुढे ओढली तर आत चार ओळी बसतात, म्हणजे १६ बोल्ट. कमीच पडतात.

शिवाय कोपरे तासले गेले की जंक्शन कागदावरच्या ४.२ चं राहत नाही. कर्ण मोजा. कागदावर तो ५.९४ मीटर असतो. प्रत्यक्षात ७ च्या पुढे गेला तर वरची आकडेमोड नव्याने करा.

शेलवाला

रूफबोल्ट_४ यांच्या हिशेबात चूक नाही, पण सरासरीवर माझा आक्षेप आहे. ०.६ मीटर शेल ३८ चा आणि वरचा सँडस्टोन ५२ चा. सरासरीत शेल बुडतो. नुसत्या ३८ वर, कपात न करता, लोड काढला तर ५.३९ येतो; सरासरीचा ३.५९. पन्नास टक्के फरक. अख्खं छत ३८ धरा असं मी म्हणत नाही. पण खालचा थर कमजोर असताना दोन्ही आकडे अहवालात शेजारी-शेजारी हवेत.

दुसरं, रॉक लोडची उंची. ४.४२ भागिले २.२ म्हणजे २.०१ मीटर. बोल्ट १.८ मीटरचा. सूत्राला बोल्टच्या लांबीशी देणंघेणं नाही, ते फक्त टन मोजतं. म्हणजे सूत्र ज्या वजनाची भीती घालतंय त्याच्या माथ्यापर्यंत बोल्ट पोचतच नाही.

रूफबोल्ट_४

आक्षेप अर्धा मान्य. फुल कॉलम ग्राउट केलेला (पूर्ण लांबीभर सिमेंट किंवा रेझिनने भोकात चिकटवलेला) बोल्ट हा टांगणीचा दोर नसतो. तो थर एकमेकांवर घसरू देत नाही, त्यांचा एक जाड तुळईसारखा थर बनवतो. शेल ओलांडून १.२ मीटर सँडस्टोनमध्ये गेलाय, ही जमेची बाजू. पण २.० मीटरवर थर सुटायची जागा असेल, उदाहरणार्थ कोळशाची बारीक पट्टी किंवा चिकणमातीचा पापुद्रा, तर तुमचं बरोबर आणि बोल्ट २.४ चा हवा. हे सॉफ्टवेअर सांगणार नाही. छतात ३ ते ४ मीटरचं भोक पाडून बोअरस्कोप (भोकात सोडायचा कॅमेरा) घाला.

गोफकाठ

फ्लॅक (खडकातला ताण आणि हालचाल काढणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी, विशेषतः नवीन मंडळींसाठी. सगळ्यात मोठी चूक आडव्या ताणाची.

१५० मीटरवर उभा ताण ०.०२५ × १५० = ३.७५ एमपीए. (ही ओव्हरबर्डनची, म्हणजे वरच्या सगळ्या खडकाची, सरासरी घनता आहे, धागाकर्त्याची २.२ फक्त जवळच्या छताची, गल्लत नको.) आता मॉडेलला नुसतं गुरुत्व दिलं, बाजूंना रोलर लावले (म्हणजे त्या आडव्या सरकणार नाहीत असं धरलं) आणि पॉइसन रेशो (दाबल्यावर खडक बाजूला किती फुगतो ते प्रमाण) ०.२५ ठेवला तर आडवा ताण आपोआप एक तृतीयांश येतो, १.२५ एमपीए. आपल्याकडच्या कोळसा थरांसाठी वापरलं जाणारं शेवरी या खाण-संशोधकांच्या सिद्धांतावरचं सूत्र २.४ + ०.०१ × खोली आहे, म्हणजे ३.९ एमपीए. तिपटीहून जास्त.

परिणाम काय होतो ते बघा. आडवा ताण कमी दिला की छत मधोमध ओढीच्या ताणाने फाटताना दिसतं आणि बोल्ट मधोमध दाटले जातात. बरोबर दिला की मधली ही ओढ कमी होते आणि कातर कोपऱ्यांकडे सरकते, तेव्हा कोपऱ्यातले तिरपे बोल्ट महत्त्वाचे ठरतात. फॅक्टरचा आकडा दोन्हीकडे सारखा येऊ शकतो, मोडण्याची जागा मात्र बदलते. म्हणून इनिशियल स्ट्रेस हाताने द्या, सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडू नका. चिन्हही तपासा: फ्लॅकमध्ये दाब ऋण, आरएस२ या दुसऱ्या पॅकेजमध्ये धन. एकीकडून दुसरीकडे नेताना हमखास उलटतं.

माझा क्रम असा. आधी खाण न काढलेलं मॉडेल समतोलाला आणा. मग विस्थापन शून्य करा. हे राहिलं तर ओव्हरबर्डन बसल्याचे सेंटीमीटर छताच्या खात्यात जमा होतात. मग गॅलरी काढा, पण एकदम नाही, एका ब्लास्टमध्ये जेवढी पुढे जाते तेवढीच. मग बोल्ट. खोदकाम पूर्ण समतोलात आणून नंतर बोल्ट घातले तर इलॅस्टिक मॉडेलमध्ये (खडक फक्त लवचिक, कधी न मोडणारा धरलेल्या) त्यांच्यावर जवळजवळ काहीच भार येत नाही आणि लोक म्हणतात, "बोल्ट कामच करत नाहीत." खोदताक्षणी घातले तर उलट, बोल्ट नको तेवढे ताणले जातात. खरी जागा या दोन्हींच्या मध्ये आहे, फेसपासून (गॅलरीच्या खोदत्या टोकापासून) बोल्ट किती मागे पडतात त्यावर.

छतात झोन (मॉडेलचा जाळीतला एक चौकोन) ०.२ मीटरच्या वर नको. शेल ०.६ चा आहे, त्यात किमान तीन झोन उभे बसले पाहिजेत. एकाच जाड झोनमध्ये शेल आणि सँडस्टोन एकत्र दळले तर थर वेगळे दाखवण्याचा खटाटोप कशाला? थरांच्या सांध्यावर इंटरफेस (घसरू आणि सुटू शकणारी फट) द्या किंवा निदान शेलला आडव्या कोनाचं युबिक्विटस जॉइंट मॉडेल (सगळ्या खडकात एकाच दिशेच्या कमजोर भेगा धरणारं) द्या. सलग एकजिनसी दगड म्हणून चालवलेलं शेलचं छत मॉडेलमध्ये नेहमी प्रत्यक्षापेक्षा भक्कम निघतं.

आरएमआर_कुठला

गोफकाठ यांना एक पुरवणी. फ्लॅकमध्ये शेवरी निकष (खडक किती ताणाला मोडेल ते सांगणारा) तयार मिळत नाही, त्यामुळे फिश या फ्लॅकच्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहून झोनगणिक सेफ्टी फॅक्टर काढतात. त्यात खडकाच्या ताकदीचं रूपांतर असं: खडकसमूहाची ताकद = नमुन्याची ताकद × ई (गणितातला २.७१८) चा घात ((आरएमआर − १००)/२०).

घात आहे, लक्षात घ्या. नमुना ३० एमपीएचा आणि आरएमआर ४५ असेल तर १.९२ एमपीए. ५५ असेल तर ३.१६. दहा गुणांच्या फरकाने ताकद ६५ टक्के वाढली.

आता खरी गोम. हे सूत्र मूळ आरएमआर मांडणाऱ्या बिएनियाव्स्कींच्या १९७६ च्या आरएमआरवर बेतलेलं आहे. आपण रोज काढतो तो सीएमआरआय आरएमआर. दोन्ही शंभरपैकी, दोन्हींचं नाव आरएमआर, आणि एकाच थरावर दोन वेगळे आकडे. सीएमआरआयमध्ये थरांच्या जाडीला आणि पाण्यात भुगा होण्याला मोठं वजन. बिएनियाव्स्कींमध्ये आरक्यूडी (ड्रिलच्या नमुन्यात अखंड निघालेल्या तुकड्यांची टक्केवारी) आणि जॉइंटमधलं अंतर, भुगा होण्याला जागाच नाही. अहवालात "आरएमआर ४८" एवढंच लिहिलेलं असेल तर कुठला ते विचारल्याशिवाय एक ओळही पुढे वाचू नये.

तळलेव्हल

हे माहीत असूनही गफलत होते. आता इनपुट शीटमध्ये रकान्याचं नावच बदलून ठेवतो.

टेल-टेलच्या (छत किती खाली आलं ते दाखवणाऱ्या साध्या उपकरणाच्या) वाचनाची मॉडेलशी तुलना कशी करायची? मॉडेल म्हणतं छत १ मिलिमीटर बसेल आणि टेल-टेल ८ दाखवतो, तेव्हा काय समजायचं?

ढबढब

समजायचं की थर सुटलेत. कागदावरच बघा.

शेलमधला ०.२ मीटर जाडीचा एक पापुद्रा घ्या, दोन्ही टोकांना घट्ट धरलेली तुळई. ई (इथे खडकाचा लवचिकता गुणांक) ५ गीगापास्कल, वजन ०.०२२ मेगान्यूटन प्रति घनमीटर. स्वतःच्या वजनाने टोकांवर येणारा ताण = वजन × रुंदी² ÷ (२ × जाडी) = ०.९७ एमपीए. मधला झोल = वजन × रुंदी⁴ ÷ (३२ × ई × जाडी²) = १.१ मिलिमीटर.

पापुद्रा ०.१ मीटरचा केला तर ताण १.९४ एमपीए, झोल ४.३ मिलिमीटर. जाडी निम्मी, झोल चौपट.

गॅलरी ४.२ ची ४.८ केली (०.२ मीटरचाच पापुद्रा) तर ताण १.२७, झोल १.८. म्हणजे साइड ड्रेस करताना (बाजू तासताना) रुंदी ६० सेंटीमीटरने वाढवली तर झोल ७० टक्क्यांनी वाढतो.

म्हणून सलग इलॅस्टिक मॉडेल १ मिलिमीटर सांगत असेल आणि टेल-टेल ८ दाखवत असेल तर ई कमी करून मॉडेल ओढूनताणून ८ ला जुळवू नका. ही सवय फार पसरलीये. आकडा जुळतो, पण मोडण्याची रीत चुकीची राहते. इंटरफेस घाला, जाडी कमी करा, मग बघा.

आणि दुहेरी टेल-टेलचे दोन्ही निर्देशक वेगवेगळे वाचा. खालचा बोल्टच्या लांबीतली हालचाल दाखवतो, वरचा बोल्टच्या वरची. खालचा सरकला तर बोल्ट वाढवून किंवा पट्टी-जाळी लावून काम भागतं. वरचा सरकला तर आहे ती ओळ दाट करून काही होणार नाही; लांब बोल्ट किंवा केबल बोल्ट (पोलादी दोराचे) लागतात. वरचा अँकर बोल्टच्या लांबीच्या दुप्पट तरी वर हवा, आणि टेल-टेल फेसच्या जवळ, लगेच बसवलेला हवा. दोन दिवसांनी बसवलेला टेल-टेल पहिली हालचाल गिळून बसतो आणि हिरवाच राहतो.

मॅंगनीज_ड्राइव्ह

कोळशावर बरंच झालं. नागपूर-भंडारा-बालाघाट पट्ट्यातल्या मॅंगनीज खाणींत, गुमगाव, चिकला, बालाघाट वगैरे, कट अँड फिल स्टोपला (खनिज काढून मागची पोकळी भरत जायच्या जागेला) वरचं बहुतेक सूत्र लागू नाही. तिथे आडवे थर बसत नाहीत. शिस्ट या खडकाचे पापुद्रे आणि जॉइंट मिळून वेज (पाचरीसारखे तुकडे) सुटतात. तिथे असे वेज शोधणारं सॉफ्टवेअर अनवेज.

अनवेज कुठे फसतं ते सांगतो.

कोन. डिप (जॉइंटचा उतार) आणि डिप डायरेक्शन (तो कुठल्या दिशेला उतरतो) हवी. कुणी स्ट्राइक (उताराला आडवी दिशा) मोजून तीच डिप डायरेक्शनच्या रकान्यात भरतो आणि सगळा जॉइंट सेट ९० अंश फिरतो. वेज तरीही तयार होतो, चित्र तरीही छान दिसतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. स्टिरिओनेटवर (दिशा आणि उतार मांडायच्या गोल आलेखावर) टाकून प्रत्यक्ष भिंतीशी पडताळा. कंपास रूळ, आर्च किंवा ड्रिल मशीनच्या जवळ धरला तर सुई बहकते, हेही विसरू नका.

आकार. अनवेज असं गृहीत धरतं की जॉइंट कुठेही असू शकतो आणि हवा तितका लांब आहे. म्हणून बिनस्केलचा वेज म्हणजे जास्तीत जास्त शक्य वेज. ड्राइव्हची (बोगद्याची) दिशा एखाद्या सेटला पाच-सात अंशांच्या आत समांतर आली तर वीस-तीस मीटर लांब सुरीसारखा वेज दिसतो, तो खरा नसतो. मोजलेल्या ट्रेस लांबीने (भिंतीवर दिसणाऱ्या भेगेच्या लांबीने) स्केल करा.

रुंदी वाढली की काय होतं? वेजचं वजन घनाने वाढतं, छतातलं क्षेत्र वर्गाने. ४ मीटरच्या ड्राइव्हचा बोल्ट पॅटर्न तसाच ८ मीटरच्या स्टोपला नेला तर वेज आठपट, बोल्ट चौपट, प्रत्येक बोल्टवर भार दुप्पट. स्टोपसाठी ड्राइव्हचा पॅटर्न कॉपी-पेस्ट करू नका.

अनवेजमधला ताणाचा पर्याय चालू ठेवायचा की बंद? छताच्या वेजवर आजूबाजूचा ताण सहसा पकड देतो, त्यामुळे चालू ठेवला की फॅक्टर फुगतो. पहिली फेरी बंद ठेवूनच करा. स्टोपिंग पुढे सरकलं आणि ताण सुटला की ती पकड जाते, वेज तिथेच असतो.

आरएमआर_कुठला

वर "कोळसा = थर, मॅंगनीज = वेज" अशी सरळ विभागणी झालीये. कोळशातही स्लिप आणि डाइकजवळ (थरांत घुसलेल्या अग्निजन्य खडकाच्या भिंतीजवळ) अनवेज लागतं, हे जोडतो. शेलमधल्या दोन तिरप्या स्लिप मिळून छत कौलारू घरासारखं सुटतं, त्याला रॉक लोडचं सूत्र ओळखत नाही.

पिलरमोजे

विषयाला थोडा फाटा. कुणी परदेशी प्रोग्रॅम विचारत असेल तर अमेरिकेच्या नायॉश या सरकारी संशोधन संस्थेचे एआरएमपीएस, एएलपीएस (दोन्ही पिलरसाठी), एआरबीएस (छताच्या बोल्टसाठी) मोफत मिळतात, पण ते अमेरिकेतल्या खाणींच्या अनुभवावर बेतलेत. त्यांचा सीएमआरआर हा १९९४ चा अमेरिकन छत-निर्देशांक, आपला सीएमआरआय आरएमआर नव्हे. आणखी एक नाव गोंधळायला!

पॅकेज चालवणारा चुकला तर किती महाग पडतं याचं उदाहरण २००७ चं युटामधलं क्रँडल कॅनियन. ६ ऑगस्टला सहा कामगार आत अडकले, दहा दिवसांनी वाचवायला गेलेल्यांपैकी तिघे गेले. २००८ च्या सरकारी चौकशी अहवालाने पिलरची आखणीच सदोष ठरवली. ती आखणी एआरएमपीएस आणि लामॉडेल (पिलरवरचा ताण काढणारा प्रोग्रॅम) यांच्या विश्लेषणावर उभी होती. तिथे छतापेक्षा पिलरचा प्रश्न होता, पण इनपुट आणि अर्थ लावणं दोन्ही तपासायची सवय छतालाही तितकीच लागते.

शेलवाला

पुन्हा बोल्टकडे. धागाकर्त्याचे "पुल टेस्टवरून ८ टन" कुठून आले? ग्राउट सिमेंटचं की रेझिनचं? २२ मिलिमीटरच्या बोल्टला रेझिन वापरताना भोक २७-२८ मिलिमीटर हवं. साइटवर ३२ चा बिट आहे म्हणून तोच वापरला तर रेझिन नीट मिसळत नाही, कॅप्सूलचं प्लास्टिक बोल्टभोवती मोज्यासारखं गुंडाळलं जातं आणि ग्राउट धरत नाही. सिमेंट कॅप्सूलला ३२ चालतं, पण ती पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत भिजवलेली हवी. कोरडी घुसवली तर आत भुकटीच राहते.

तळलेव्हल

सिमेंट. ३२ चं भोक. आठ टनाला ओढणं थांबवलं होतं, निसटला नव्हता.

गोफकाठ

मग फ्लॅकच्या केबल एलिमेंटसाठी (मॉडेलमधल्या बोल्टसाठी) या चाचणीतून बाँडची (ग्राउटच्या पकडीची) ताकद मिळणार नाही. पूर्ण लांबी ग्राउट असली आणि बोल्ट सरकलाच नाही, तर बाँड किमान एवढा आहे एवढंच कळतं. २२ मिलिमीटरच्या सळईचं क्षेत्र ३८० चौरस मिलिमीटर, ५०० च्या ग्रेडला ती १९ टनांच्या आसपास यील्ड होते (कायमची ताणली जाते). फुल कॉलममध्ये सळईच आधी ताणली जाईल.

छोट्या लांबीची चाचणी करा. फक्त ३०० मिलिमीटर ग्राउट, बाकी मोकळं. समजा ८ टनांना सरकला, म्हणजे ७८.५ किलोन्यूटन, भागिले ०.३ मीटर, म्हणजे २६२ किलोन्यूटन प्रति मीटर. हा आकडा केबलच्या बाँड स्ट्रेंग्थमध्ये जातो. भार-विस्थापनाच्या आलेखाच्या सरळ भागाचा उतार ३०० मिलिमीटरने भागला की बाँड स्टिफनेस. शेलमध्ये वेगळी, सँडस्टोनमध्ये वेगळी चाचणी, निदान तीन-तीन बोल्ट. शेलमधला आकडा सँडस्टोनपेक्षा बराच कमी आला तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

रूफबोल्ट_४

आणि त्या चाचणीत डिझाइनचा आकडा ८ ऐवजी ६ आला तर माझा वरचा हिशेब असा बदलतो: १.२ मीटरच्या ओळीला १.०८, १.० मीटरला १.२९. दोन्ही नापास. तेव्हा ०.८ ची ओळ (१.६२) किंवा ओळीत पाच बोल्ट आणि १.० मीटर (१.६२). पाच बोल्टवाला पर्याय घ्या, त्यात बोल्टमधलं अंतर ०.७५ मीटर येतं आणि शेलचे लूज तुकडे मधून कमी सुटतात.

तळलेव्हल

छोट्या लांबीची चाचणी शेल आणि सँडस्टोन दोन्हींत लावतो. निकाल आणि त्यावर बदललेली फ्लॅक फाइल इथेच टाकेन. तोवर सपोर्ट प्लॅनमध्ये ओळ १.० मीटर आणि जंक्शनला २५ बोल्ट असंच ठेवतोय.